कागदांसाठी घडलेल्या यंत्रावर वस्तूंची चित्रे : फ्लॅटबेड स्कॅनरचे परीक्षण

फ्लॅटबेड स्कॅनरची, म्हणजे सपाट काचेवर कागद पालथा ठेवून त्याची प्रतिमा संगणकात घेणाऱ्या यंत्राची, परीक्षणे बहुधा कार्यालयाच्या गरजा समोर ठेवून लिहिलेली असतात. एक पान स्कॅन व्हायला किती सेकंद लागतात, मजकूर किती सुवाच्य येतो, जुन्या छायाचित्रांचे विटलेले रंग कितपत सावरतात, हे त्यांतले प्रश्न. काचेवर कागदाऐवजी वाळलेले पान, कांद्याची साल, किल्ल्यांचा जुडगा, दोऱ्याची रिळे किंवा घड्याळाची सुटी चाके मांडून चित्र घडवू पाहणाऱ्याला या उत्तरांचा फारसा उपयोग होत नाही. काचेपासून किती उंचीपर्यंत वस्तू स्पष्ट दिसते, प्रकाश कोणत्या बाजूने पडतो, झाकण उघडे ठेवल्यावर मागचा काळोख किती निर्मळ येतो आणि चकाकत्या धातूचे काय होते, हे त्याला जाणून घ्यायचे असते. सीसीडी आणि सीआयएस या दोन्ही जातींचे स्कॅनर मी या कामासाठी दीर्घकाळ वापरत आले आहे आणि हे परीक्षण त्याच कामापुरते आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकते : खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला डीपीआयचा (दर इंचाला टिपल्या जाणाऱ्या बिंदूंचा) आकडा या कामात दुय्यम असून आत कोणत्या जातीचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) आहे हे सर्वांत आधी पाहावे.

सीसीडी जातीच्या स्कॅनरमध्ये वस्तूवरून परतलेला प्रकाश काचेखालच्या काही आरशांवरून वळत वळत एका भिंगात शिरतो आणि ते भिंग पानाच्या संपूर्ण रुंदीची प्रतिमा लहान करून सेन्सरच्या इवल्याशा पट्टीवर आणून बसवते. आरशांमुळे प्रकाशाचा प्रवास लांबतो आणि त्या लांबीमुळेच फोकसला खोली मिळते. सर्वसाधारणपणे काचेपासून सेंटिमीटरभर उंचीपर्यंतचा भाग चांगला रेखीव येतो व त्यापुढे हळूहळू मवाळ होत जातो. सीआयएस जातीत आरसे नसतात आणि मोठे भिंगही नसते. पानाच्या रुंदीएवढी सेन्सरांची ओळ, तिच्यावर बारीक काचदांड्यांच्या भिंगांची रांग आणि शेजारी एलईडीचा प्रकाश, असा हा संच काचेला जवळजवळ चिकटून सरकतो. त्यामुळे यंत्र पातळ व हलके होते आणि संगणकाकडून यूएसबीच्या तारेतून येणाऱ्या विजेवर चालते. मात्र फोकस काचेच्या पृष्ठभागाला बांधलेला राहतो. वस्तू एक-दोन मिलिमीटर वर उचलली गेली की तिचा तपशील विरघळू लागतो.

हा फरक माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून कळत नाही, किंबहुना ते आकडे दिशाभूलच करतात. कॅननच्या लाइड ३०० ची कमाल ऑप्टिकल क्षमता २४०० डीपीआय आहे, तर लाइड ४०० आणि एप्सनच्या परफेक्शन व्ही३९ यांची ४८०० डीपीआय; हे तिन्ही सीआयएस. एप्सनचा परफेक्शन व्ही६०० हा सीसीडी असून त्याच्यावर ६४०० डीपीआयचा आकडा आहे. केवळ आकडे पाहणाऱ्याला व्ही६०० हा लाइड ४०० पेक्षा थोडासाच वरचढ वाटेल. प्रत्यक्षात वाळलेला गुलाब काचेवर ठेवला की ही दोन यंत्रे दोन वेगळ्या कलाप्रकारांची साधने असल्यासारखी वागतात. सीसीडीवर काचेला टेकलेल्या पाकळ्यांच्या शिरा, त्यांच्या कडांवरची करपट तपकिरी रेघ आणि पाकळीवर अडकलेला परागाचा कण हे सगळे स्वच्छ उमटते. त्यामागच्या पाकळ्या क्रमाक्रमाने मऊ व अंधुक होत जातात आणि देठ काळोखात नाहीसे होते. सीआयएसवर त्याच फुलाचे काचेला टेकलेले तीन-चार ठिपके कमालीचे रेखीव येतात आणि बाकीचे फूल धुक्यात असल्यासारखे राहते. हे धुके मुद्दाम हवे असेल तर गोष्ट निराळी, पण नको असताना ते टाळण्याचा कोणताही मार्ग त्या यंत्रात नाही.

तरीही सीआयएस सरसकट बाद करणे अन्यायाचे ठरेल. पानाचे जाळे, चुरगळून पुन्हा सपाट केलेला कागद, विणलेले कापड, जाळीदार पट्टी, पक्ष्याचे दाबून सपाट केलेले पीस, फाटलेल्या पाकिटाची कड अशा चपट्या वस्तूंवर मी सीआयएस आवर्जून वापरते. त्याचा प्रकाश बहुधा एकाच बाजूने, तिरका आणि अगदी जवळून पडत असल्याने कागदातला तंतू न् तंतू उठून दिसतो. शिवाय त्याची भिंगे वस्तूकडे सरळ खालून पाहतात, त्यामुळे प्रतिमेत कुठेच तिरकेपणा येत नाही आणि वस्तू आराखड्यातल्यासारखी, मापात बसलेली दिसते.

सीसीडीमध्ये मात्र यथार्थदर्शनाचा (दूरचा भाग लहान व मध्याकडे ओढलेला दिसण्याचा) एक विलक्षण प्रकार घडतो आणि रचना करताना तो ध्यानात घ्यावाच लागतो. भिंग रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे आडव्या दिशेने पाहिले तर दृष्टी एका बिंदूतून पसरते. उभ्या दिशेने मात्र सगळा संचच वस्तूखालून सरकत जात असल्याने प्रत्येक ओळ सरळ समोरून पाहिली जाते. परिणामी एका चित्रात आडव्या दिशेने एक यथार्थदर्शन असते आणि उभ्या दिशेने अजिबात नसते. डाव्या कडेजवळ उभी ठेवलेली उंच डबी मध्याकडे झुकलेली दिसते आणि तिची मध्याकडची भिंत दृष्टीस पडते. तीच डबी काचेच्या मधल्या रेषेवर कुठेही, अगदी वरच्या टोकाला किंवा खालच्या टोकाला ठेवली तरी ताठ उभी राहते. कॅमेऱ्याने काढलेल्या कोणत्याही साध्या छायाचित्रात असे होत नाही. स्कॅनरवरच्या चित्रांकडे पाहताना ‘यात काहीतरी निराळे आहे’ असे जे वाटते, त्याचे एक कारण हे असावे. उंच वस्तू मधल्या रेषेवर आणि सपाट वस्तू कडांना, अशी मांडणी केली की हा गुण हाती लागतो आणि तो दोष वाटत नाही.

आता प्रकाशाविषयी, कारण माझ्या दृष्टीने या यंत्राची खरी श्रीमंती तिथे आहे. स्कॅनरचा दिवा सेन्सरबरोबरच सरकतो, त्यामुळे चित्राच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत प्रत्येक ओळीला तोच प्रकाश मिळतो; एका ठिकाणी ठेवलेल्या दिव्याने हे साधता येत नाही. हा प्रकाश काचेच्या पातळीवर पडावा अशा बेताने रोखलेला असतो. त्यामुळे वस्तू काचेपासून दूर जाऊ लागली की तिच्यावरचा प्रकाश झपाट्याने कमी होतो. फोकस सुटणे आणि अंधार वाढणे या दोन्ही गोष्टी साधारण एकाच उंचीवर घडतात आणि त्यांच्या या संगमातून स्कॅनरच्या चित्राचे ते ओळखू येणारे रूप तयार होते : काळोखातून वर येऊन काचेला नाक लावल्यासारख्या दिसणाऱ्या वस्तू. झाकण पूर्ण उघडे ठेवून खोली अंधारी केली की मागची बाजू काळीभोर येते. खोली पुरेशी अंधारी करता येत नसेल तर आतून काळे मखमली कापड लावलेले पुठ्ठ्याचे खोके काचेवर पालथे घालावे. साधा काळा कागद वापरला तर तो बराच प्रकाश परत फेकतो आणि काळ्याऐवजी राखाडी पार्श्वभूमी पदरी पडते.

खोलीतला दिवा मुद्दाम चालू ठेवून वरून दुसरा प्रकाश देण्याची कल्पना मोहक आहे, मात्र तिच्यात एक मेख आहे. मुख्य वीजपुरवठ्यावर चालणारे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण स्कॅनर ओळीमागून ओळ टिपत असल्याने चित्रावर आडवे पट्टे उमटतात. सीआयएसमध्ये लाल, हिरवा आणि निळा एलईडी आळीपाळीने पेटत असल्यामुळे हे पट्टे रंगीतही येतात. वरून प्रकाश हवाच असेल तर बॅटरीवरची, न लुकलुकणारी विजेरी पातळ कागदाआडून वापरावी. विजेरीने उजळलेल्या पिकलेल्या पानाच्या कडा पारदर्शक सोनेरी होतात आणि त्याची काचेकडची बाजू मात्र स्कॅनरच्या थंड प्रकाशातच राहते. दोन प्रकाशांचा हा मेळ कितीही वेळा पाहिला तरी माझे मन भरत नाही.

प्रकाश एका बाजूने येतो या गोष्टीचा सर्वांत चांगला प्रत्यय नाण्यावर येतो. नाणे काचेवर ठेवून स्कॅन केले की त्यावरचा उठाव सावल्यांसह उमटतो. नाणे अर्धे वळवून, म्हणजे त्याचा माथा खाली करून पुन्हा स्कॅन करावे आणि आलेली प्रतिमा संगणकावर सरळ करून पाहावी. उठावाच्या जागी खोलगट ठसा दिसू लागतो. प्रकाश वरूनच येतो असे डोळा गृहीत धरत असल्यामुळे खालून पडलेल्या सावल्या त्याला खड्ड्यासारख्या भासतात. बटणे, किल्ल्या, शिंपले, विणकामाचे नमुने अशा उठाव असलेल्या प्रत्येक वस्तूला हे लागू आहे, म्हणून वस्तू कोणत्या अंगाने फिरवून ठेवायची हा निर्णय चित्राचा निम्मा निर्णय असतो. सपाट आणि गुळगुळीत धातू मात्र हिरमोड करतो. दिवा तिरका असल्यामुळे आरशासारख्या पृष्ठभागावरून प्रकाश दुसरीकडे निघून जातो, सेन्सरपर्यंत पोचतच नाही, आणि लखलखीत चमचा जवळजवळ काळा येतो. फक्त त्याच्या वळणावर एक पांढरी रेघ उजळते. जुना, ओरखडे पडलेला, गंजू लागलेला धातू याउलट अप्रतिम येतो, कारण त्याचा प्रत्येक ओरखडा थोडाथोडा प्रकाश सेन्सरकडे वळवतो.

रचना करण्याची पद्धत नवख्या माणसाला काही काळ गोंधळात टाकते. आपण वस्तूंकडे वरून पाहत असतो आणि यंत्र खालून. जी बाजू आपल्याला दिसते ती चित्रात येत नाही, डावे-उजवे बदलते आणि सर्वांत आधी ठेवलेली वस्तू चित्रात सर्वांत पुढे येते. म्हणून जी वस्तू पुढे हवी ती आधी, पालथी ठेवायची आणि तिच्यावर मागची वस्तू, असे थर उलट्या क्रमाने रचावे लागतात. पूर्वदृश्याची सोय इथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, कारण कमी रिझोल्यूशनवर काही क्षणांत मांडणी दिसते आणि दुरुस्त करता येते. मात्र वरची वस्तू हलवताना खालची सरकू नये यासाठी हात हलका हवा. देठ, तारा, फांद्या यांना काचेच्या कडेवर, बाहेरच्या बाजूस आधार दिला तर फुलाचे वजन काचेवर कमी येते आणि पाकळ्या चेपत नाहीत. कोमल वस्तू काचेला टेकल्या की त्यांचा टेकलेला भाग चपटा दिसतो. काही जणांना ते खटकते, मला मात्र त्या स्पर्शाच्या खुणा चित्रात असाव्यात असेच वाटते.

स्कॅन चालू असताना वस्तू हलवणे हा या कामाचा एक स्वतंत्र आणि समृद्ध भाग आहे. कॅमेरा संपूर्ण दृश्य जवळजवळ एका क्षणात टिपतो. स्कॅनर मात्र ओळीओळीने, काळाच्या ओघात टिपतो, त्यामुळे चित्राची वरची कड आणि खालची कड यांच्यात बराच वेळ गेलेला असतो. सरकत्या दिव्याच्या दिशेने वस्तू ओढली तर ती लांबट होते, उलट दिशेने ओढली तर आखूड, आणि आडवी सरकवली तर तिरकी होते. दिव्याच्याच वेगाने ती सरकवता आली तर तिचा एकच काप पुन्हा पुन्हा टिपला जाऊन सलग रेघा तयार होतात. हलत्या वस्तूच्या कडांना रंगीत झालरही येते. सीआयएसमध्ये तीन रंगांचे एलईडी एकामागून एक पेटतात आणि सीसीडीमध्ये तीन रंगांच्या सेन्सर-ओळी एकमेकींपासून किंचित अंतरावर असतात. दोन्हीकडे वस्तू स्थिर आहे असे गृहीत धरूनच तीन रंग एकत्र जुळवले जातात. रिझोल्यूशन वाढवले की दिव्यासह सरकणारा आतला गाडा सावकाश चालतो, म्हणजे डीपीआयची निवड ही इथे हालचालीच्या लयीचीही निवड ठरते.

रिझोल्यूशनचा हिशेब मात्र कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. रसेल कर्श यांनी १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र ड्रम स्कॅनरवरून (फिरत्या नळकांड्यावर चित्र गुंडाळून टिपणाऱ्या यंत्रावरून) संगणकात उतरवले, तेव्हा ती प्रतिमा १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६ बिंदूंची होती. आज एफोर आकाराची काच ६०० डीपीआयवर स्कॅन केली की ४,९६० गुणिले ७,०१६, म्हणजे जवळपास ३ कोटी ४८ लाख बिंदू मिळतात. २४ बिट रंगात, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या रंगाला २४ बिट दिले तर, ती फाइल सुमारे १०४ एमबीची होते आणि ४८ बिटमध्ये दुप्पट. १२०० डीपीआयवर बिंदू १३ कोटी ९० लाखांच्या पुढे जातात आणि ४८ बिटची फाइल ८३५ एमबीच्या आसपास पोचते. संपूर्ण काच भरणारी रचना मूळ आकाराच्या दुप्पट छापायची असेल तर ६०० डीपीआय पुरेसे आहे, कारण छपाईला ३०० मिळाले की झाले. ५ सेंटिमीटरच्या पानाचे ४० सेंटिमीटरचे चित्र हवे असेल तर २४०० लागतील, पण तेवढ्याच छोट्या चौकटीपुरते. त्यापुढचे आकडे वस्तूंच्या कामात बहुतेक शोभेचे असतात. घरगुती फ्लॅटबेडचे भिंग प्रत्यक्षात सोडवू शकते तो तपशील छापील कमाल आकड्याच्या बराच अलीकडे संपतो आणि पुढे केवळ फाइल फुगते. ४८ बिटचा आग्रह मात्र मी धरेन, कारण काळोखात विरत जाणाऱ्या छटा २४ बिटमध्ये थोड्या उजळल्या तरी पायऱ्यापायऱ्यांनी तुटतात.

यंत्रांबरोबर येणारी सॉफ्टवेअर हा या अनुभवातला सर्वांत अडचणीचा भाग आहे. ती कागदांसाठी आणि छायाचित्रांसाठी लिहिलेली असतात. काळी पार्श्वभूमी दिसली की चित्र कमी प्रकाशाचे आहे असे समजून ती काळोख उजळून टाकतात, काचेवरच्या पाच वस्तूंना पाच छायाचित्रे समजून पाच चौकटी आखतात आणि पानावरची लव धूळ म्हणून पुसतात. म्हणून पहिल्याच दिवशी स्वयंचलित पद्धत सोडून व्यावसायिक पद्धतीत जावे आणि ऑटो एक्सपोजर, धूळ काढणे, कडा तीक्ष्ण करणे, बॅकलाइट दुरुस्ती हे सारे बंद करावे. त्यानंतर काळ्या व पांढऱ्या टोकांच्या मर्यादा हिस्टोग्रामवर (छटांच्या आलेखावर) स्वतः ठरवाव्यात. व्ह्यूस्कॅन हे १९९८ पासून चालत आलेले स्वतंत्र सॉफ्टवेअर या कामाला चांगले आहे, कारण ते सेन्सरची कच्ची फाइल साठवू देते आणि उत्पादकाने ड्रायव्हर देणे थांबवलेले जुने स्कॅनरही पुष्कळदा चालवते. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी सेन ही मुक्त प्रणाली आहे. तिचे रूप रुक्ष असले तरी आज्ञावलीतून एकच स्कॅन त्याच मापाने हव्या तेवढ्या वेळा घेता येतो आणि उमलत्या किंवा सुकत्या वस्तूची मालिका करताना याचे मोल कळते.

रंगांबाबत एक इशारा देणे आवश्यक आहे. सीआयएसचा पांढरा प्रकाश हा खरे तर तीन अरुंद पट्ट्यांचा प्रकाश असतो. छापील कागदाला तो पुरतो, पण निळ्या-जांभळ्या फुलांचे रंग त्यात ओळखू न येण्याइतके सरकू शकतात. सीसीडी स्कॅनरांमध्ये पांढऱ्या एलईडीचा किंवा जुन्या यंत्रांत फ्लुरोसंट नळीचा प्रकाश असतो. तिथेही जांभळा रंग अवघडच, तरी दुरुस्ती आवाक्यात राहते. लाल, पिवळे, तपकिरी आणि वाळक्या वस्तूंचे सगळे रंग मात्र दोन्हीकडे समाधानकारक येतात.

काचेची निगा हा कंटाळवाणा विषय असला तरी तो टाळता येत नाही, कारण आपण यंत्राचा वापर त्याच्या कर्त्यांनी न कल्पिलेल्या कामासाठी करत असतो. वाळू, खडे, न घासलेल्या कडांचा धातू यांनी काचेवर कायमचे ओरखडे पडतात. ओल्या वस्तूंचे पाणी काचेच्या कडेच्या फटीतून आत उतरते आणि खालच्या बाजूने बाष्प धरते; ते पुसायला यंत्र खोलावे लागते. पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव अंथरला की यातून बचाव होतो, पण तो काचेला असमान चिकटला तर इंद्रधनुषी वर्तुळे दिसू लागतात आणि जाड काच अंथरली तर सीआयएसचा फोकस सुटतो. सीसीडीवर मात्र दोन-तीन मिलिमीटरची जादा काच सहज चालून जाते, ही त्याची आणखी एक जमेची बाजू. काचेच्या ज्या टोकाशी गाडा विसावतो तिथे एक पांढरी पट्टी असते आणि प्रत्येक स्कॅनपूर्वी सेन्सर तिच्यावरून स्वतःला जुळवून घेतो. तिच्यावर किंवा तिच्यासमोरच्या काचेवर एक कण बसला तर चित्रावर वरपासून खालपर्यंत सरळ रेघ येते. अशी रेघ दिसली की चित्रातल्या जागी धूळ शोधत बसू नये, आधी ते टोक पुसावे. द्रव काचेवर कधीही फवारू नये; मऊ कापडाला किंचित ओल देऊन पुसावे.

झाकणाची रचना खरेदीपूर्वी पाहायला लोक विसरतात. वस्तूंच्या कामाला झाकण पूर्ण काढता यायला हवे, किंवा निदान सरळ उभे तरी राहायला हवे. व्ही३९ चे झाकण सुटे होते, ही त्या छोट्या यंत्रातली मोठी सोय आहे. ज्यांच्या झाकणात फिल्मसाठी दिवा असतो त्यांची तार खाली जोडलेली असते, पण तो दिवाही कलेच्या कामाचा आहे. पानाचे जाळे, कीटकाचा गळालेला पंख, पारदर्शक साल मागून उजळून स्कॅन करता येते. व्ही६०० मध्ये ही उजळ पट्टी फिल्मच्या रुंदीपुरतीच अरुंद आहे. २०१४ मध्ये आलेल्या परफेक्शन व्ही८५० मध्ये ती ८ बाय १० इंचांची आहे, म्हणजे जवळजवळ संपूर्ण रचना मागून उजळता येते. मागून उजेड देऊन केलेले काम हेच कोणाचे मुख्य काम असेल, तर त्याने या फरकासाठी वाढीव खर्च करावा असे मी निःसंकोच सांगेन. बाकीच्यांना त्याची गरज नाही.

या कामाला एक वंशपरंपरा आहे आणि यंत्राचे मूल्यमापन तिच्या संदर्भात केले तर अधिक न्याय्य होते. ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्री शेवाळे सायनोटाइपच्या, म्हणजे उन्हात निळी प्रतिमा देणाऱ्या, कागदावर प्रत्यक्ष ठेवून उन्हात त्यांच्या छाया उमटवल्या. त्यात वस्तूची बाह्यरेषा आणि पारदर्शकता मिळत असे, पृष्ठभाग नाही. १९६० च्या दशकात ब्रुनो मुनारी यांनी झेरॉक्सच्या यंत्रावर कागद हलवत प्रतिमा ताणल्या. १९७० मध्ये सोनिया लँडी शेरिडन यांनी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत अशा यंत्रांवर आधारित शिक्षणक्रम सुरू केला आणि त्याच दशकात पॅटी हिल यांनी आयबीएमच्या कॉपियरवर रोजच्या वापरातल्या वस्तू ठेवून काळ्या-पांढऱ्या प्रतिमांचे मोठे काम उभे केले. कॉपियरने पृष्ठभाग दिला, पण छटा थोड्याच. सीसीडी सेन्सरचा फ्लॅटबेड स्कॅनर रे कर्झवाइल यांच्या १९७६ च्या, अंध व्यक्तींना छापील मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्राचा भाग म्हणून पुढे आला. पुढे तो घरोघरी पोचल्यावर कटिंका मॅटसन यांनी फुले आणि जोसेफ शीअर यांनी निशाचर पतंग त्यावर ठेवले. पतंगाच्या पंखांवरचे खवले आणि अंगावरची लव मोठ्या छपाईत पाहिली की छटा, पृष्ठभाग आणि खोली या तिन्ही गोष्टी एकत्र देणारे हे पहिलेच स्पर्शयंत्र, म्हणजे वस्तू टेकवून चित्र घेणारे यंत्र, आहे, हे पटते.

सीसीडीची निवड मात्र दिवसेंदिवस आक्रसत चालली आहे. नवे घरगुती स्कॅनर बहुतांशी सीआयएस असतात आणि प्रिंटरला जोडून येणाऱ्या स्कॅनरांचीही तीच गत आहे. म्हणून जुने, जाड, जड सीसीडी यंत्र कुणी माळ्यावर टाकून दिले असेल तर ते हातचे जाऊ देऊ नये. तसे यंत्र घेण्यापूर्वी आधी वाहतुकीसाठीचे कुलूप उघडे आहे का ते पाहावे. ते लागलेले असताना यंत्र चालू केले तर गाडा खरखरतो आणि माणसे यंत्र बिघडले समजून सोडून देतात. नंतर अंधाऱ्या खोलीत, झाकण उघडे ठेवून, काचेवर काहीही न ठेवता एक स्कॅन घ्यावा आणि ती काळी प्रतिमा संगणकावर भरपूर उजळून बघावी. उभ्या रेघा दिसल्या तर ती पांढरी पट्टी मळलेली असते आणि ती साफ करता येते. ढगाळ पांढुरका थर दिसला तर आरशांवर किंवा काचेच्या आतल्या बाजूस धूळ व वाफ बसलेली असते. तेही यंत्र उघडण्याची तयारी असेल तर काढता येते. शेवटी एक पट्टी तिरकी टेकवून, एक टोक काचेवर आणि दुसरे टोक दोनएक सेंटिमीटर उचललेले, अशी स्कॅन करावी. तिच्यावरच्या खुणा कोणत्या उंचीपर्यंत वाचता येतात ते मोजले की त्या यंत्राच्या फोकसची खोली नेमकी कळते, आणि ती सेंटिमीटरभर भरली तर डीपीआयचा आकडा कितीही जुनापुराणा असो, यंत्र घेऊन टाकावे.